बरोबर आलेल्या माणसाची तारीख

मिरजेला उपचारासाठी येणारा माणूस सहसा एकटा येत नाही. डॉ. विल्यम वान्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून मराठी आणि कानडी दोन्ही मुलखांतली माणसं या गावाची वाट धरत आली आहेत. जत, कवठेमहांकाळ, मंगळवेढा, अथणी, चिकोडी, कुठूनही येऊ दे; रुग्णाबरोबर भाऊ असतो, मुलगा असतो, बहीण आणि मेहुणे असतात. एकाच्या हातात रिपोर्टांची पिशवी, दुसऱ्याच्या हातात जेवणाचा डबा. मी इथल्या एका रुग्णालयात एंडोस्कोपी विभागाची सिस्टर आहे. दुर्बिणीच्या तपासणीसाठी रुग्णाला आत घेताना मी त्याची फाइल बघते, आणि मग दारापर्यंत आलेल्या त्याच्या माणसांकडे बघते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबाबत या कामानं मला एक गोष्ट पक्की शिकवली आहे. आत रुग्णाचं निदान होत असतं, त्याच वेळी बाहेर बसलेल्या त्याच्या सख्ख्या माणसाच्या तपासणीची तारीख ठरत असते. बहुतेकदा ती तारीख उलटून गेलेली असते, आणि त्याला ते कुणीच सांगितलेलं नसतं.

"सिस्टर, ही तपासणी कधी करायची आणि किती वर्षांनी करायची?" हे मला फोनवर विचारतात, वॉर्डात विचारतात, लग्नकार्यात पंगतीला बसल्यावरही विचारतात. सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा सांगता येत नाही, पण प्रत्येकाला त्याचा आकडा नक्की सांगता येतो. तो कसा काढायचा हे कळण्यासाठी हा आजार वाढतो कसा ते आधी समजून घ्यावं लागतं.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. वय वाढतं तसे काहीजणांच्या आतड्याच्या अस्तरावर छोटे कोंब उगवतात. त्यांना पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप धोक्याचे नसतात. पण ॲडिनोमा नावाचा जो प्रकार आहे, त्यातले काही हळूहळू वाढत कॅन्सरपर्यंत पोचतात. त्याला बहुधा दहाएक वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो. या काळात बहुतेकांचं काही दुखत नाही, भूक जात नाही, वजन घटत नाही. माणूस शेतात राबत असतो, शाळेत शिकवत असतो, वारीला चालत जात असतो. याच काळात तो कोंब काढून टाकला तर त्याचा पुढे कॅन्सर होत नाही. 1969 मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॉ. हिरोमी शिन्या आणि डॉ. विल्यम वुल्फ यांनी पोट न उघडता, दुर्बिणीतून तारेचा फास टाकून मोठ्या आतड्यातले पॉलिप काढायला सुरुवात केली. आजही आम्ही त्याच रीतीनं काढतो. म्हणजे ही तपासणी कॅन्सर लवकर पकडते, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत तो होऊच देत नाही. इतकी मोठी संधी फार थोड्या कॅन्सरच्या बाबतीत मिळते.

आमच्याकडे येणारे बहुतेक रुग्ण मात्र ती संधी निघून गेल्यावर येतात. शौचाला रक्त पडलं की मूळव्याध, हे आपल्याकडे घरोघरी ठरलेलं आहे. मूळव्याध खरोखरच इतकी सर्रास आढळते की ही समजूत का रुजली ते कळतं. एसटी स्टँडच्या भिंतीवर 'मूळव्याध, भगंदर, बिगर ऑपरेशन' अशी पाटी असते, तिथून चूर्ण आणलं जातं, तिखट बंद होतं, चार दिवस बरं वाटतं आणि वर्ष निघून जातं. पण एकाच माणसाला खाली मूळव्याध आणि वर गाठ असं दोन्ही असू शकतं. म्हणून मी भेटेल त्याला सांगते, की रक्त पडत असेल, शौचाची सवय बदलून काही आठवडे झाले असतील, कारण नसताना वजन उतरत असेल, किंवा पुरुषाचं अथवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कमी निघत असेल, तर 'किती वर्षांनी' हा प्रश्नच उरत नाही. वय कितीही असो, तेव्हाच डॉक्टरांना दाखवायचं. स्क्रीनिंग म्हणतात ते ज्याला काहीही त्रास नाही अशा माणसाची तपासणी, आणि तारखांचा हिशेब असतो तो तिच्यासाठी.

जतच्या बाजूचे एक शिक्षक आले होते, वय 52. दोन वर्षांपासून रक्त पडत होतं आणि चूर्ण चालू होतं. आता पोट फुगायला लागलं होतं. दुर्बीण आत जाऊन थोड्याच अंतरावर थांबली. डाव्या बाजूच्या आतड्यात गाठ होती आणि वाट जवळजवळ बंद झाली होती. डॉक्टरांनी तुकडे घेतले, मी फॉर्मेलिनच्या बाटल्यांवर नाव आणि नंबर घातला. बाहेर त्यांची पत्नी आणि धाकटा भाऊ बसले होते. भाऊ द्राक्षबागायतदार, उन्हानं रापलेला, दंड भरलेले. बायोप्सीचा रिपोर्ट आला, ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन वय विचारलं.

"शेहेचाळीस चालू हाय."

"दादा, तुमचीही दुर्बीण करून घ्यायला पाहिजे."

"मला काय बी त्रास न्हाई, सिस्टर. रोजच्या रोज पोट साफ हुतंय. आणि आता दादाचं बघायचं का माझं?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. घरात एक संकट उभं असताना दुसरं शोधायला कोण जाईल? आमच्या डॉक्टरांनी त्याला कागदावर गणित मांडून दाखवलं. आई, वडील, सख्खं भावंड किंवा मूल यांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर तपासणी वयाच्या 40 व्या वर्षी सुरू करायची, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात निदान झालं त्याच्या 10 वर्षं आधी. यातलं जे आधी येईल ते. शिक्षकांचं निदान 52 व्या वर्षी झालं. दहा वजा केले तर 42 येतात. 40 त्याहून आधी. म्हणजे भाऊ आधीच सहा वर्षं मागे होता. त्या कागदाकडे तो बराच वेळ बघत राहिला. थोरल्याच्या ऑपरेशननंतर, टाके निघाल्यावर, तो स्वतःहून आला.

त्याच्या आतड्यात पॉलिप सापडला, त्याच भागात, डाव्या बाजूला. सुमारे दोन सेंटिमीटरचं डोकं आणि खाली जाड देठ, पावसाळ्यात उगवलेल्या अळंबीसारखा. अशा वेळी माझं काम काय असतं ते सांगते. डॉक्टर दुर्बीण स्थिर धरतात आणि तारेचा फास पॉलिपच्या डोक्यावरून खाली देठापर्यंत नेतात. फास उघडण्या-मिटण्याची मूठ माझ्या हातात असते. "ओपन" म्हटलं की उघडायचा, "क्लोज" म्हटलं की सावकाश मिटायचा. मिटताना देठाची जाडी बोटांना जाणवते. जोर कमी पडला तर फास निसटतो, जास्त पडला तर करंट देण्याआधीच देठ तुटतो आणि रक्त येतं. मी थांबले, डॉक्टरांनी फास हलवून आतड्याची भिंत त्यात आली नाही ना ते बघितलं आणि पायाखालचं बटण दाबलं. देठ पांढरा पडला. "हळू क्लोज." मूठ शेवटपर्यंत मिटली आणि पॉलिप सुटला. देठाच्या बुंध्यावर क्लिप लावली, जाळीत धरून पॉलिप बाहेर आणला. मॉनिटरवर हे सगळं चालू असताना तो माणूस डाव्या कुशीवर गुंगीत पडला होता. संध्याकाळी चहा घेऊन घरी गेला.

रिपोर्टमध्ये आलं की पेशी बिघडण्याच्या बऱ्याच पुढच्या टप्प्यावर होत्या, पण बिघाड डोक्यापुरताच होता. देठाची कड स्वच्छ होती. थोरल्या भावाला ऑपरेशन, केमोथेरपी, सगळं सोसावं लागलं. धाकट्याचं काम एका सकाळीत झालं. दोघं एकाच घरात वाढलेले, एकाच ताटात जेवलेले. फरक पडला तो वेळेचा, आणि ती वेळ त्याला थोरल्याच्या निदानामुळे कळली.

आता 'किती वर्षांनी' याबद्दल. लोकांना वाटतं की दुर्बीण एकदा केली की सुटलो, किंवा मग दरवर्षी करावी लागते. पुढची तारीख ठरते ती या वेळी आत काय सापडलं आणि घरात कुणाला काय झालं आहे यावरून. घराण्यात काही नाही, आतडं पूर्ण बघितलं, काहीच सापडलं नाही, तर 10 वर्षं परत यायचं कारण नाही. एक-दोन छोटे, म्हणजे 10 मिलिमीटरपेक्षा लहान ॲडिनोमा निघाले तर 7 ते 10 वर्षं. तीन-चार निघाले तर 3 ते 5 वर्षं. पाच ते दहा निघाले, किंवा एखादा 10 मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असला, किंवा रिपोर्टमध्ये पेशींचा जास्त बिघाड दिसला, तर 3 वर्षं. दहाहून जास्त निघाले तर वर्षभरातच. मोठा, पसरट पॉलिप तुकड्या-तुकड्यांनी काढावा लागला असेल तर ती जागा 6 महिन्यांनी पुन्हा बघतात. ज्याच्या आई-वडिलांना किंवा भावंडाला साठीच्या आत कॅन्सर झाला, त्याचं आतडं स्वच्छ निघालं तरी दर 5 वर्षांनी. नातेवाइकाचं निदान साठीनंतरचं असेल तर सुरुवात 40 लाच करायची, पण पुढचं अंतर इतरांसारखंच ठेवलं तरी चालतं. ज्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिसनं मोठ्या आतड्याला बरीच वर्षं सूज आहे, त्यांचं वेगळं वेळापत्रक आजार सुरू झाल्यापासून आठेक वर्षांनी लागू होतं.

त्या बागायतदाराला नात्याच्या हिशेबानं पाच आणि पॉलिपच्या हिशेबानं तीन अशी दोन उत्तरं येत होती. अशा वेळी लवकरची तारीख धरायची. मी त्याच्या कार्डावर वर्ष आणि महिना लिहून दिला. ही तारीख लिहून देणं मला फार महत्त्वाचं वाटतं. रिपोर्टांच्या गठ्ठ्यात रंगीत फोटो असतात, इंग्रजीत निष्कर्ष असतो, पण 'पुढची दुर्बीण कधी' ही ओळ बऱ्याचदा रुग्णाला कळलेलीच नसते. पॉलिप काढलेल्या प्रत्येकानं बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे परत जायचं आणि ही ओळ मागून घ्यायची.

या सगळ्या तारखा एका अटीवर उभ्या आहेत, ती म्हणजे आतडं स्वच्छ असलं पाहिजे. आदल्या दिवशीचा माझा फोन याच्यासाठी असतो. पावडर पाण्यात कालवून ते पाणी थोडं थोडं पूर्ण प्यायचं, निम्मं आदल्या संध्याकाळी आणि निम्मं पहाटे. दोन-तीन दिवस आधीपासून पेरू, वांगं, टोमॅटो, पालेभाजी, तीळ, शेंगदाण्याची चटणी बंद. आमच्या भागात भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी नाही म्हणजे जेवणच नाही, पण तेवढं सोसायचं. शेवटी शौचाला फक्त पिवळसर पाणी यायला हवं, भांड्याचा तळ दिसला पाहिजे. पेरूची एक बी दुर्बिणीच्या सक्शनच्या नळीत अडकली की काम थांबतं. ब्रश घालून ती काढेपर्यंत रुग्ण तसाच पडून राहतो. मळाच्या पातळ थराखाली पाच-सहा मिलिमीटरचा पसरट पॉलिप सहज लपतो. आतडं नीट साफ नसेल तर 'नॉर्मल' लिहिलेल्या रिपोर्टवर दहा वर्षांचा भरवसा ठेवता येत नाही. अशांना वर्षाच्या आत परत बोलावतात. दुर्बीण आतड्याच्या टोकापर्यंत, जिथं अपेंडिक्सचं तोंड दिसतं तिथपर्यंत, पोचली का हेही रिपोर्टमध्ये असतं. तिथं पोचल्यावर मी घड्याळातली वेळ लिहून ठेवते, कारण खरं बघणं बाहेर येताना होतं आणि त्याला निदान सहा मिनिटं दिली पाहिजेत, त्याहून जास्त दिली तर अधिक बरं. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते फोनवरच सांगा, स्वतःच्या मनानं बंद करू नका. आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो. तो हजारात एखाद्याहूनही कमी आहे, पण सही घेण्याआधी तो समजावून सांगणं आमचं काम आहे.

परदेशातून येणारे फोन वेगळे असतात. मिरज-सांगलीची मुलं अमेरिकेत नोकरीला आहेत. एक मुलगा म्हणाला, "सिस्टर, इथे डॉक्टरांनी मला 45 ला करायला सांगितलं. मग आईची का नाही केली?" अमेरिकेत 2021 मध्ये तिथल्या तज्ज्ञ मंडळानं सुरुवातीचं वय 50 वरून 45 वर आणलं, कारण पन्नाशीच्या आतले रुग्ण वाढत होते. 'ब्लॅक पँथर'मधला नट चॅडविक बोसमन 2020 मध्ये याच आजारानं गेला तेव्हा 43 वर्षांचा होता, आणि निदान त्याआधी चार वर्षांपूर्वी झालं होतं. 45 च्या नियमात तो बसलाच नसता. म्हणून चाळिशीच्या आतल्या मुलाला रक्त पडलं तर 'या वयात काय होतंय' असं म्हणून सोडून देऊ नये.

त्या मुलाची आई 78 वर्षांची, संधिवात आणि हृदयाची गोळी चालू, बाकी त्रास काही नाही. 75 वयापर्यंत स्क्रीनिंगचा फायदा स्पष्ट असतो. 76 ते 85 मध्ये माणसाची एकूण तब्येत, आधी तपासणी झाली आहे का आणि त्याची स्वतःची इच्छा बघून ठरवतात. त्यापुढे करत नाहीत. आमच्या डॉक्टरांनी आईशी बोलून दुर्बीण नको असं ठरवलं. रात्रभर जुलाब, पाणी कमी होणं, गुंगीचं औषध, हे सगळं त्या देहाला सोसायला लावून हाती फार थोडं लागलं असतं. मुलाला ते पटायला वेळ लागला. काळजी खरी होती. ती आईच्या सांध्यांकडे आणि हृदयाकडे वळवणं जास्त उपयोगाचं होतं.

माझी एक मैत्रीण आता इंग्लंडमध्ये नर्स आहे. आम्ही नर्सिंगचं शिक्षण एकत्र घेतलं. ती सांगते, तिथे 50 ते 74 वयाच्या माणसाच्या घरी दर दोन वर्षांनी टपालानं एक छोटी पेटी येते. त्यातल्या काडीनं मळाचा कणभर नमुना घेऊन बाटलीत घालायचा आणि टपालानंच परत पाठवायचा. ही फिट टेस्ट. मळात डोळ्यांना न दिसणारं माणसाचं रक्त आहे का, ते ती शोधते. जुन्या चाचणीत मटण खाल्लं तरी घोटाळा व्हायचा. हिच्यात आधी पथ्य लागत नाही. इंग्लंडमध्ये जुनी चाचणी जाऊन ही आली 2019 मध्ये. रक्त आढळलं तर दुर्बिणीला बोलावणं येतं.

आपल्याकडे अशी पेटी येत नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या लोकांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी होते. आपल्या देशात या कॅन्सरांचं प्रमाण मोठं आहे, म्हणून ती तपासणी योग्यच आहे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या मानानं आपल्याकडे कमी, म्हणून त्यासाठी देशभराचा कार्यक्रम नाही. त्यामुळे घराण्यात काहीच नसलेल्या माणसानं 45 ते 50 च्या दरम्यान आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. फिट टेस्ट करायची तर ती एकदा करून भागत नाही. अमेरिकेत दरवर्षी करतात, इंग्लंडमध्ये दोन वर्षांनी. ती पॉझिटिव्ह आली तर दुर्बीण करायचीच. "मूळव्याधीचं रक्त असेल, परत करून बघू," असं म्हणून दुसऱ्या प्रयोगशाळेत जाणारे लोक मी पाहिले आहेत. दुसरी निगेटिव्ह आली म्हणून पहिली खोटी ठरत नाही. आणि हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये पोटाची सोनोग्राफी आणि सीईए नावाची रक्ताची चाचणी असते, त्यावर आतड्याच्या बाबतीत निश्चिंत राहू नये. सोनोग्राफीत पॉलिप सहसा दिसत नाहीत. सीईए निदान झालेल्या रुग्णाच्या पाठपुराव्यासाठी आहे. निरोगी माणसातला कॅन्सर शोधायला तिचा उपयोग नाही.

पण ज्यांच्या घरात हा आजार एकदा येऊन गेला आहे, त्यांचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. त्यांना बोलावणं धाडणारी यंत्रणा आपल्याकडे कुठली? आजारी माणूस आणि त्याचं घर, एवढीच. आणि नेमकं तिथंच तोंड बंद होतं.

एक बाई आल्या होत्या, वय 44. उजव्या बाजूच्या आतड्यात गाठ. रिपोर्ट आल्यावर त्यांचे यजमान मला म्हणाले, "सिस्टर, हे माहेरी कळायला नको. हिच्या धाकट्या बहिणीची बोलणी चालली आहेत. अल्सर सांगू." मी त्या माणसाला दोष देत नाही. आपल्याकडे घराण्यात काय आहे हे स्थळ बघणारे विचारतात, हे मलाही ठाऊक आहे. डॉक्टरांनी बाईंना विचारलं, आई कशानं गेल्या? "पिशवीच्या कॅन्सरनं, मी कॉलेजात असताना." त्यांच्या मनात आईची गर्भपिशवी आणि आपलं आतडं यांचा काही संबंध नव्हता. कुणाच्याच मनात नसतो. पण लिंच सिंड्रोम नावाचा एक अनुवंशिक दोष असतो. त्यात एकाच घरात कुणाला मोठ्या आतड्याचा, कुणाला गर्भपिशवीचा, कुणाला जठराचा कॅन्सर होतो, आणि तोही कमी वयात. गाठीच्या तुकड्यावर काही प्रथिनांची तपासणी केली की त्याचा संशय येतो. इथे तो आला आणि रक्ताच्या जनुक तपासणीत पक्का झाला.

हा दोष आई किंवा वडील कुणाकडूनही येऊ शकतो आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. ज्याच्यात तो असतो त्यानं वयाच्या 20 ते 25 पासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बीण करायची असते. म्हणजे जिची बोलणी चालली होती, त्या धाकट्या बहिणीचंही ते वय झालेलं होतं. बाईंनी यजमानांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी तिला सांगणार. आईसारखं तिचं होऊ द्यायचं नाही मला." त्यांनी ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डातूनच भावाला आणि बहिणीला फोन केला. पुढे तिघांचंही समुपदेशन झालं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अनुवंशिक कॅन्सरसाठी त्याची वेगळी सोय आहे. बहिणीत तो दोष निघाला नाही. तिला या वेगळ्या वेळापत्रकाची गरजच उरली नाही. भावात निघाला. तो आता ठरल्या वेळी आमच्याकडे येतो आणि आदल्या दिवशीचं पाणी न कुरकुरता पितो. लपवून ठेवलं असतं तर भाऊ बेसावध राहिला असता.

अशा घरांतली ही माणसं बघून आमच्या विभागात आता एक रीत पडली आहे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघालेल्या प्रत्येकाला घरी जाताना आम्ही मराठीत आणि कन्नडमध्ये एक कागद देतो. त्यावर नाव नसतं, औषध नसतं. रुग्णाचं निदानाचं वय, गाठ कुठे होती, अनुवंशिक दोषाची तपासणी झाली का आणि काय निघालं, एवढंच. खाली लिहिलेलं असतं की हा कागद आपल्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना द्या, आणि त्यांनी तो आपल्या डॉक्टरांना दाखवावा. कागद नेणारे सगळेच तो पुढे देतात असं नाही. पण जे देतात, त्यांची माणसं महिना-दोन महिन्यांनी दारात उभी राहतात. काहीही त्रास नसलेली, थोडी अवघडलेली, "भावानं पाठवलंय" म्हणणारी. या खोलीत मला सर्वांत जास्त समाधान त्यांना आत घेताना वाटतं.

तुमच्या घरात कुणाला हा आजार झाला असेल तर तीन गोष्टी लिहून काढा: कोणाला, कुठल्या अवयवाचा आणि कितव्या वर्षी. आईकडचे मामा-मावश्या सोडू नका, पिशवीचा आणि जठराचा कॅन्सर सोडू नका. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, म्हणजे तुमची तारीख निघेल. आणि निदान तुमचंच झालं असेल, तर ते कळल्यावर पहिल्या आठवड्यात भावंडांना फोन करा. आजारपणात ते अवघड जातं, मला माहीत आहे. तरी करा. आजार झाला, वय इतकं होतं, तू दाखवून घे, एवढंच सांगायचं आहे. पुढचं आम्ही बघतो.